मागच्या सीटवरचं वजन

हे खरं घडलेलं आहे. पुरावा म्हणून आमच्या घरात एक शर्ट आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी एक अडचण सांगून टाकतो. भुताच्या गोष्टीत अंधार लागतो, आणि माझ्याकडे अंधार नाही. हे घडलं अलास्कात, चुलिट्ना नदीकाठच्या आमच्या धावपट्टीवर, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या दिवसांत आमच्याकडे रात्र होतच नाही. सूर्य डोंगराला जरा टेकतो आणि परत कामाला लागतो.

म्हणजे मला जे दिसलं नाही, ते लख्ख उजेडात दिसलं नाही.

माझा मामा हॅस्केल लोकांना विमान चालवायला शिकवायचा. विमान एकोणीसशे बावन्नचं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, एक सीट पुढे आणि एक मागे. पुढे शिकणारा, मागे मामा. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तो शिकणाऱ्याचा शर्ट मागून ओढायचा. डावीकडून ओढला की डावीकडे वळ. उजवीकडून ओढला की उजवीकडे. दोन्हीकडून ओढला की विमान वळवायचा दांडा सोड, नाहीतर दोघंही मरू.

आणि एक दिवस तो काही न बोलता मागून उतरायचा. शिकणारा पहिल्यांदा एकटा उडून परत आला की मामा कात्रीने त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून घ्यायचा. आता ओढणारा कोणी नाही, मग टोक कशाला? ही पद्धत इकडे सगळीकडेच आहे. मामाच्या हँगरमध्ये भिंतभर अशी टोकं टाचलेली आहेत. लांबून गोधडी वाटते.

त्यात माझ्या बहिणीचं टोक नव्हतं.

रोवेना माझ्याहून मोठी. मी तिला रो म्हणतो. मामाने तिला दोन उन्हाळे शिकवलं, पण मागून उतरला नाही. रोज एकच उत्तर. अजून नाही. शेवटी ती वैतागून अँकोरेजला गेली आणि तिथल्या शाळेतून, नाकाखाली तिसरं चाक असलेल्या सोप्या विमानावर, लायसन्स घेऊन आली. मामाने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"तिचाकी सायकल यायला लागली म्हणायची तुला. छान."

गेल्या ऑक्टोबरमध्ये मामा गेला. खुर्चीत, हातात पीनट बटरचा चमचा. विमान रोच्या नावावर झालं.

विमानाची अवस्था वाईट होती. कापड कुजलेलं, नळ्यांना गंज. मी विमानांचा मेकॅनिक आहे. फक्त दुरुस्त करतो, बसत नाही. मला भीती वाटते, आणि माझी दुरुस्ती पाहिलेल्या कोणालाही वाटावी. मामा मला म्हणायचा, "डेन्टन, तुझं नंतर बघू." मी म्हणायचो, निवांत बघ.

सगळा हिवाळा आम्ही त्या हँगरमध्ये काढला. जुनं कापड फाडलं. आत उंदरांच्या इतक्या पिढ्या नांदलेल्या की त्यांच्याकडे विमानाची कागदपत्रं मागावीशी वाटली. गंजलेल्या नळ्या कापून नव्या जोडल्या. नवं कापड चढवलं, लांब सुईने शिवलं, आणि ताणून बसावं म्हणून गरम इस्त्री फिरवली. स्वतःच्या शर्टाला मी जन्मात इस्त्री केली नाही. विमानाला केली. मग जास्त ताकदीचं इंजिन आणि नदीतल्या गोट्यांवर उतरता यावं म्हणून फुगलेले मोठे टायर.

शेवटी मागची सीट काढली.

कारण असं, की नदीच्या वरच्या अंगाला शिकाऱ्यांच्या केबिन आहेत. जुलैपासून तिथे सामान पोचवायचं काम रोला मिळालं होतं. त्यासाठी तिने शाळेची बस चालवायची नोकरी सोडली होती. सामानाला जागा हवी. म्हणून मागचा दांडा काढला, कॅनव्हासची सीट सोडवली आणि कोपऱ्यात भिरकावली.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

पहिल्यांदा आवाज. नवं ताणलेलं कापड ढोलकीसारखं वाजतं. मी इंजिनापाशी वाकलो होतो आणि शेपटीच्या बाजूने आवाज आला...

टक. टक.

आतून.

उंदीर, मी म्हटलं. सापळा लावला, त्यात पीनट बटर. सकाळी बघतो तर सापळा तसाच उघडा. पीनट बटर मात्र चाटूनपुसून साफ.

रो म्हणाली, हुशार उंदीर आहे. मी म्हटलं, चमच्याने खाल्लंय.

ती हसली नाही.

मग वजनाचा दिवस आला. इतकी मोठी दुरुस्ती झाली की विमान रिकामं तोलावं लागतं. दोन पुढच्या चाकांखाली दोन काटे, शेपटीच्या छोट्या चाकाखाली तिसरा. किती वजन आणि कुठे, ते कळलं पाहिजे. मागे जास्त झालं तर विमान नाक वर करतं, थांबतं आणि पडतं. यात गंमत काहीच नाही. आमच्या खोऱ्यात अशी दोन माणसं गेलेली आहेत.

आम्ही तोललं.

एक माणूस जास्त भरला.

मी काट्यांवर स्वतः उभा राहून पाहिलं. काटे बरोबर होते, मी जाड झालो होतो. विमानात हत्यार राहिलं असेल म्हणून दिवा घेऊन शेपटीपर्यंत सरपटलो. काही नव्हतं. परत तोललं. तेवढंच. आणि बहुतेक सगळं मागे, सामानाच्या जागेत, अगदी शेवटी. जणू कोणी गुडघे पोटाशी घेऊन तिथे...

रोने काट्यावरचा आकडा बोटाने पुसून पाहिला. "मामा किती होता रे?"

"साधारण एवढाच," मी म्हटलं. "बूट घालून."

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनीस आला. व्हर्जिल टकेट, सत्तरीचा, मामाचाच विद्यार्थी. त्याचं टोक भिंतीवर सगळ्यात वर आहे, हिरव्या चौकडीचं. त्याने इंजिन बघितलं, शिवण बघितली, वाकून टायर दाबले. सगळं पास. मग आकडे बघितले. मग कोपऱ्यातल्या सीटकडे.

त्याने टोपी काढली आणि उघड्या दारातून आत वाकला.

"हॅस्केल, उतर रे."

काटा हलला नाही.

"जिवंत असतानाही सांगून उतरला नव्हता," व्हर्जिल टोपी घालत म्हणाला. "त्याची सीट काढली कोणी?"

मी म्हटलं, सामानाला जागा हवी होती.

"मग तो सामानात बसला. दुसरं काय करेल बिचारा?"

आम्ही सीट परत लावली. मी बोल्ट पिळत होतो तेव्हा कॅनव्हास सपाट होतं. पाना ठेवून मागे सरलो...

कर्रर्र.

कॅनव्हास मधोमध खाली बसलं. सावकाश, म्हाताऱ्या माणसाने बसावं तसं.

व्हर्जिलने काट्यांकडे बोट दाखवलं. शेपटीचा काटा उतरला होता, पुढचे दोन चढले होते. वजन तेवढंच, पण आता बरोबर मागच्या सीटवर. माणसाने जिथे बसायचं तिथे.

"आता विमान उडेल," व्हर्जिल म्हणाला. "पण हा बसलेला असताना सामान नाही जायचं. एक काहीतरी जाईल. तो किंवा सामान."

रोचा चेहरा उतरला. जुलै दारात होता. मी म्हटलं, शिवाय दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणात पायलटशिवाय कोणी बसायचं नाही, असा कायदा आहे. व्हर्जिलने विचार केला. कायद्यात मेलेल्यांबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणाला. एवढं गंभीरपणे म्हणाला की मी वाद घातला नाही.

मग तो रोकडे वळला. "त्याला उतरवायचा एकच रस्ता आहे, पोरी. नीट उडून दाखव."

हे मला मान्य नव्हतं. मी तिला बाहेर नेऊन सांगितलं की हवेत गेल्यावर तो मागे सरकला तर शेपूट जड होईल आणि ती मरेल, आणि आईला फोन मला करावा लागेल. ती म्हणाली, मामा वर्गात कधी जागा सोडत नाही. मी म्हटलं, रो, मामा मेलाय. ती म्हणाली, "म्हणून तर. आता त्याला दुसरं काम काय आहे?"

घरात जाऊन ती कपडे बदलून आली. सगळा हिवाळा ती टी-शर्टात होती. आता तिने निळा शर्ट घातला होता. लांब, न खोचलेला.

संध्याकाळचं जेवण कोणी जेवलं नाही. ऊन होतंच. मी पंखावरच्या पट्टीचं एक सुटलेलं टोक कापलं, कापडाची मोठी कात्री मागच्या खिशात खोचली आणि धावपट्टीच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

रोने इंजिन सुरू केलं. दोन माणसांचं वजन घेऊन पळतं तसं ते विमान पळालं. जड. खडी उडवत. इतकं मोठं इंजिन लावून ते अर्धी पट्टी खात होतं. पट्टीच्या टोकाला नदी आहे. मी डोळे मिटले, ही माझी ठरलेली मदत.

उघडले तेव्हा ती झाडांच्या वर होती.

एक फेरी. उतरली, एक उसळी. परत वर. दुसरी फेरी. उतरली, उसळी नाही. तिसऱ्यांदा इतकी हलकी टेकली की मोठे टायर फक्त फिरायला लागले.

ती वळून आमच्यासमोर आली. इंजिन चालू ठेवून थांबली.

आणि थांबलीच.

मग दाराचा खालचा अर्धा भाग उघडून बिजागरीवर खाली लोंबला. रोचे दोन्ही हात मला समोर दिसत होते. एक दांड्यावर, एक इंजिनाच्या मुठीवर.

विमान हललं. चाकांवर जरासं वर आलं. ओझं उतरलं की पिकअप वर येतो ना, तसं.

दार धाडकन बंद झालं.

पंख्याच्या वाऱ्याने सगळं गवत एका दिशेला झोपलं होतं. त्यात एक रेघ मात्र उलटी वाकत आमच्याकडे येत होती. पाऊल... पाऊल... पाऊल. माझ्याजवळून गेली. मामाच्या कॉफीचा वास आला. धावपट्टीच्या कडेला बर्चचा एक जुना बुंधा आहे, रेघ तिथे थांबली.

"तिथेच बसायचा," व्हर्जिल हळूच म्हणाला. "पाठ करून. आपला विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडताना त्याने कधी बघितला नाही. धीर व्हायचा नाही त्याला."

रो निघाली. विमान चार ढेंगा टाकल्यासारखं पळालं आणि सरळ वर गेलं.

ती उतरून आली तेव्हा रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. म्हणाली, तिन्ही फेऱ्यांत त्याने एकदाही ओढलं नाही. दोन उन्हाळ्यांत असं कधीच झालं नव्हतं. मी तिला मिठी मारली.

आणि माझा हात थांबला.

तिच्या पाठीशी शर्ट संपत होता.

मागचं टोक नव्हतं. सरळ, स्वच्छ कापलेलं. तिला विचारलं, तर तिला काहीच कळलं नव्हतं. ती विमानातून उतरून थेट माझ्याकडे आली होती. व्हर्जिल दहा पावलांवर होता.

मी खिशातून कात्री काढली.

पात्यांत निळा धागा होता.

टोक आम्ही सगळीकडे शोधलं. विमानात, गवतात, बुंध्यापाशी. भिंतीवरही नाही. आजपर्यंत मिळालेलं नाही. व्हर्जिलने त्याच वेळी विमान परत तोललं. रिकामं होतं. त्याने सही केली, टोपीला हात लावला आणि कॉफी न घेता निघून गेला.

जुलैपासून रो सामान नेते. काम जोरात आहे. सामान नेताना मागची सीट निघते, सामान नसेल तेव्हा परत लागते. ती काढली तरी आता काही होत नाही. रो म्हणते, मामा गेला, सुटला. मीही तसंच म्हणतो.

फक्त मी शर्ट खोचून घालतो. घट्ट, वर पट्टा.

काल संध्याकाळी रो घरात जेवण करत होती. विमान हँगरच्या दारात उभं होतं. समोरची काच आतून पुसायची होती, म्हणून मी पुढच्या सीटवर बसलो. बसायचंच काय ते, इंजिन बंद, किल्ली घरात. फडकं फिरवत होतो.

मागे कॅनव्हास वाजलं...

कर्रर्र.

पीनट बटरचा वास आला.

मी वळलो नाही. शर्ट खोचलेला होता. मी हाताने चाचपून बघितला, खोचलेलाच होता. मग तो माझ्या बोटांखालून सावकाश बाहेर यायला लागला. एकाच बाजूने. डाव्या.

आमच्या हँगरच्या डावीकडे धावपट्टी आहे.