साडेआठचा फोन

त्या रात्री आमच्या खोपटातला फोन उचलला कोणी? रुग्णालयातल्या नर्सला विचारलं, चारही घरांत विचारलं. कोणी सांगितलं नाही. कंदील बारीक करा पोरांनो, आणि ऐका. ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या बहिणीच्या, वर्नाच्या घरची गोष्ट आहे.

आपल्या पंथात घरात फोन ठेवत नाहीत; रस्त्याच्या टोकाचं ते खोपट, चार घरांत मिळून एकच फोन. त्या आठवड्यात खोपटाच्या कुलपाची एकुलती किल्ली माझ्याकडे होती.

वर्नाचा एनॉस साडेतीन महिने आधी जन्मला. हृदयाजवळची एक वाहिनी जन्मल्यावर आपोआप मिटते, त्याची उघडीच राहिली. ती मिटवायला औषध होतं. पहिल्या तीन डोसांनी काही झालं नाही. दुसऱ्या फेरीचा शेवटचा डोस सोळा जानेवारीला, गुरुवारी दुपारी दिला. वर्ना थोरल्या मुलींना बघायला रुग्णालयातून एका रात्रीपुरती घरी आली होती. मी म्हणालो, तू झोप, आठला मी खोपटात जाऊन बसतो. बोलावणं आलं तर गाडीवाल्याला उठवतो.

आठला निघालोही. ट्रॉयरांच्या गोठलेल्या तळ्यावर पोरं स्केटिंग करत होती. त्यांतला रूडी म्हणाला, "बघा, दाईबाई निघाल्या कामाला." सगळे हसले. तळ्यावरच्या मुलीसुद्धा. मला राग आला. म्हटलं, अर्धाच तास. आणि उतरलो बर्फावर.

अकरा वाजले. परतताना खोपटाकडे बघितलंही नाही.

पहाटे पाचला कुलूप उघडलं. फोनच्या निरोप टिपणाऱ्या यंत्रावर काही नव्हतं. हायसं वाटलं... आणि फोन वाजला.

नर्स होती. एनॉस चारला गेला म्हणाली.



"साडेआठला मी सांगितलंच होतं," ती म्हणाली. "औषध लागू पडलं नाही, लघवी थांबली आहे, आईला पाठवा. तुमच्याकडे कोणीतरी उचलला होता. बोललं मात्र नाही."

किल्ली माझ्या खिशात होती. रात्रभर.

"आई वेळेत आली, हे बरं झालं."

"कोण आली?"

"आई. काळी टोपी, काळी शाल. काचेच्या पेटीत हात घालून बसली होती. चारपर्यंत."

वर्ना माडीवर झोपली होती. दाराशी मुली झोपलेल्या, त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं...

रुग्णालयानं एनॉसबरोबर त्याची दुलई दिली. तिच्यात एक टाचणी खोचलेली. आपल्या बायका झग्याला बटणांऐवजी लावतात तसली. गंजलेली. वर्नानं ती खिडकीशी धरली.

"माझी नाही."

मग मी तिला तळ्याचं सांगितलं. सगळं. रूडीचंही.

"निदान कोणीतरी उचलला," ती म्हणाली.

शवपेटी बंद करताना ती आली नाही. मी दुलई एनॉसच्या हनुवटीपर्यंत ओढली. सुटू नये म्हणून तीच टाचणी लावली. टोक त्याच्याकडे नाही ना, बोटानं चाचपून पाहिलं. मग झाकण ठेवलं.