निजलेला राजा

विजयादशमीच्या संध्याकाळी हरिप्रियाने दार उघडले, तो समोर कौशिक उभा. वरच्या मजल्यावरचा, या जूनमध्येच पुण्याहून अंबत्तूरला आलेला. हातात आपट्याची पाने.

"सोनं द्यायला आलोय," तो म्हणाला. "आणि हरभऱ्याचं सुंडल उरलंय का, ते बघायला."

"नवरात्रभर खाल्लंस. पोट भरलं नाही?"

"मी पोटासाठी येतो, असं वाटतं तुला?"

तिने मागे वळून पाहिले. स्वयंपाकघरात कामाक्षीआत्या होत्या, आणि त्यांचा सकाळचा हुकूम अजून तिच्या कानांत होता — आज नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू संपला, की त्या मुलाचं येणं-जाणं बंद. बारावीचं वर्ष आहे. हे त्याला सांगायलाच हवे होते... पण कसे?

ती शब्द जुळवीत असतानाच कौशिक कोलूच्या, बाहुल्या मांडलेल्या पायऱ्यांपाशी गेला. सर्वांत वर लाकडी राजाराणी. त्यांतला राजा आडवा. त्याने त्याला अलगद उचलून राणीशेजारी उभे केले.

"कौशिक — काय केलंस?"

"पडला होता."

"पडला नव्हता. आत्यांनी निजवला होता. एक बाहुली निजवली, म्हणजे कोलू संपला."

त्याचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा हात पुढे केला, पण तोवर आत्या दारात उभ्या होत्या. त्यांची नजर आधी राजावर गेली, मग कौशिकवर.

"राजाला कोणी उठवलं?"

"काकू, मी—"

"मी उठवलं," हरिप्रिया म्हणाली.

"का गं?"



"संपायला नको होतं, आत्या. कोलू संपला की हा यायचा नाही... आणि यानं यावं, असं मला वाटतं."

कौशिकच्या मुठीत पाने चुरगळली.

"राजाला मीच उठवलं, काकू. तिचं तेवढंच खोटं आहे." त्याने हरिप्रियाकडे पाहिले. "बाकीचं... मलाही तसंच वाटतं."

आत्यांनी राजाला पुन्हा आडवे केले. घाई नव्हती.

"कोलू संपला. आता त्या निमित्तानं यायचं नाही."

हरिप्रियाने मान खाली घातली.

"यायचं तर रविवारी. बेल वाजवून, पुस्तकं घेऊन, या खुर्चीत माझ्यासमोर बसायचं."

"येईन, काकू."

"आत्या म्हण." त्यांनी तळहात पुढे केला. "आणि सोनं आधी वडीलधाऱ्यांना."

तो पाने देऊन पायांशी वाकला. उठला, तेव्हा मुठीत एकच पान उरले होते — चुरगळलेले, घामाने ओले. ते त्याने हरिप्रियाच्या तळहातावर ठेवले. बोटे तिथून लवकर निघेनात.

"पुरे," आत्या म्हणाल्या.