बदकाची सही

मामा गेल्यावर त्याच्या बँकेचं काम माझ्याकडे आलं, कारण कागद जागच्या जागी ठेवणारी घरात मी एकटीच. मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते, बारीक अक्षरांना घाबरत नाही. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, जन्म गोदीत काढला. त्याची शिल्लक ती काय असणार? एका दुपारी उरकेल, अशा हिशेबाने मी गेले.

खिडकीतल्या बाईंनी खात्याचा उतारा छापून दिला. दर महिन्याच्या पाच तारखेला पेन्शनमधली जवळजवळ निम्मी रक्कम एका बाईच्या खात्यात जात होती. मी जुने उतारे मागवले. एकतीस वर्षं, आधी पगारातून, मग पेन्शनमधून! मामाचं ऑपरेशन झालं, त्या महिन्यातसुद्धा खंड नव्हता.

माझा मोठा भाऊ हसला. म्हणाला, मामा दिसत होता तेवढा साधा नव्हता म्हणायचा. आई हसली नाही. भावाचे पैसे पुरत नाहीत म्हणून तिने वर्षानुवर्षं त्याला डबा पाठवला होता. ती आत गेली, दार लावून घेतलं, आणि त्या दिवसापासून तिने मामाचं नाव घेणं सोडलं. ते मला लागलं. माझ्या शिक्षणाची फी याच माणसाने भरली होती. म्हटलं, काय असेल ते असो, मुळाशी जायचंच.

त्याच्या पेटीत शेअरची सर्टिफिकेटं सापडली. बुडालेली जहाजं वर काढणारी एक कंपनी होती, मामा तिथे कामाला होता. चारशे शेअर, पण दोघांच्या नावावर: मामा आणि त्याचा जोडीदार. हा जोडीदार पाणबुड्या होता. मामा त्याला ‘बदक’ म्हणायचा. बदक पाण्याखाली उतरायचा, आणि मामा वर दोर धरून बसायचा. लहानपणी मामा आम्हाला त्या दोराची भाषा शिकवायचा. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड. चार म्हणजे वर घे. बदकाचं पुढे काय झालं, ते त्याने कधीच सांगितलं नाही.

शेअरच्या कार्यालयात एक वयस्क कारकून होते. त्यांनी शांतपणे समजावलं की पहिला धारक गेला, आता शेअर दुसऱ्याचे. तो हयात असेल तर त्याने हक्क सोडल्याची सही करावी. नसेल तर मृत्यूचा दाखला आणा. माणूस बेपत्ता असेल, तर इतक्या वर्षांत त्याला कोणीही पाहिलेलं नाही असं ओळखीच्या माणसाकडून लिहून आणा, म्हणजे कोर्टातून पुढचं होईल.

त्यांच्या नोंदवहीत बदकाचा पत्ता होता. पैसे ज्या बाईच्या खात्यात जात होते, तिच्या बँकेतून मिळालेल्या पत्त्याशी मी तो लावून पाहिला. दोन्ही एकच.

दुसऱ्या दिवशी दुकानातून सुट्टी घेऊन मी तिथे पोचले. जुन्या गोदीच्या कडेला एक अरुंद दुमजली घर, मागची भिंत सरळ पाण्यात उतरलेली. दार उघडलं ते सत्तरीच्या बाईंनी. हातात ओलं फडकं होतं. मी मामाचं नाव सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “गेले का?” मी मान हलवली. त्या बाजूला झाल्या.

पैसे याच मावशींच्या खात्यात येत होते; त्यांनी काहीच लपवलं नाही. वरची खोली बदकाची. मामा तिचं भाडं भरत होता. “आणि वरचे पैसे?” मी विचारलं, कारण रक्कम भाड्यापेक्षा बरीच जास्त होती.

“फरशी पुसायचे,” त्या म्हणाल्या.

आम्ही वर गेलो. भर दुपार होती, बाहेर लखलखीत ऊन. खोलीत मात्र हवा गार होती, आणि बंद टाकीचं झाकण काढल्यावर येतो तसा वास. लोखंडी खाट, टेबल, खुंटीवर कोट. फरशीवर खिडकीपासून खाटेपर्यंत हातभर रुंदीचा ओला पट्टा होता. छत कोरडं. भिंती कोरड्या. मावशी गुडघ्यांवर बसल्या आणि रोजचं काम असल्यासारख्या पुसू लागल्या.

पुसता पुसता त्यांनी सांगितलं. एका जहाजाच्या पंख्यात काही अडकलं होतं. बदक खाली गेला आणि दोरासकट गुंतला. हवा संपायची वेळ होऊन गेली. जहाज भरतीबरोबर निघायचं होतं. वरचा साहेब म्हणाला, माणूस संपला, दोर काप. मामा म्हणाला, झटके येताहेत. साहेब म्हणाला, ते पाणी ओढतंय. मामाने दोर कापला.

“किती झटके येत होते?” मी विचारलं.

“चार… थांबून पुन्हा चार.”

प्रेत मिळालंच नाही. हातात उरलेला दोर मामाने या खिडकीच्या गजाला बांधला आणि टोक खाली पाण्यात सोडलं. दर महिन्याला तो यायचा, तासभर दोर हातात धरून बसायचा आणि न बोलता निघून जायचा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण एक ओझंही उतरलं. आईला सांगण्यासारखं काही मिळालं होतं. मी पिशवीतून कारकुनांनी दिलेले दोन्ही कागद काढून टेबलावर ठेवले. हक्क सोडल्याचा अर्ज बाजूला सारला आणि दुसरा मावशींपुढे धरला. म्हटलं, एवढी सही करा, एकतीस वर्षांत याला पाहिलेलं नाही म्हणून.

त्यांनी कागद वाचला, परत दिला.

“पाहिलं नाही असं कसं लिहून देऊ, पोरी?”

त्या फडकं पिळून खाली गेल्या. जिन्यावरची त्यांची पावलं थांबली, मग काहीच ऐकू येईना. खाली भिंतीवर पाणी आपटत होतं, तेवढंच. मी निघून जाऊ शकले असते. पण मामा महिन्याला तासभर बसायचा, मी दहा मिनिटं तरी बसेन, असं मनाशी म्हटलं. खिडकीशी स्टूल ओढलं आणि दोर हातात घेतला.

तो थंडगार होता, शेवाळाने बुळबुळीत. सैल लोंबत होता. खाली पाणी हिरवं, स्थिर. एक होडीसुद्धा नव्हती.

मग दोर ताठ झाला.

एक… दोन… तीन… चार.

मी दोर सोडला नाही. वाटलं, लाट असेल. लाट मोजून येत नाही. थोडा वेळ गेला आणि पुन्हा चार झटके आले, आधीपेक्षा हलके, दमलेल्या माणसाचे.

मामा धरून बसायचा. त्याने कधी ओढला नव्हता. ओढला आणि वर काही आलंच नाही तर… किंवा आलं तर… का ओढला नव्हता, ते मला कळत होतं. पण मनात आलं, एकतीस वर्षं एक माणूस एकच गोष्ट मागतोय.

मी पाय भिंतीला लावले आणि ओढू लागले.

खाली वजन होतं. माणसाएवढं, वर भिजलेल्या कपड्यांचं. तळहात सोलले. वितीवितीने दोर आत येत होता, पाणी माझ्या मांडीवर गळत होतं. खाली न पाहता मी ओढत राहिले. वजन खिडकीच्या कठड्याशी आलं, गज कुरकुरला, गार वास तोंडावर आला… मी डोळे मिटले. काहीतरी माझ्या खांद्याला घासून आत गेलं. आणि दोर एकदम हलका झाला.

मी डोळे उघडले तेव्हा हातात कापलेलं टोक होतं. मागे खाट करकरली. खाटेवर कोणी नव्हतं. खुंटीवरचा कोट मात्र नव्हता, आणि जिन्यावर जड, ओली पावलं उतरत होती. खालचं दार उघडलं, लागलं.

टेबलावरचा अर्ज भिजला होता. दुसऱ्या धारकाच्या जागी तिरक्या अक्षरात सही होती.

तो अर्ज मी वाळवला. दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कार्यालयात नेला. खोटी सही असती तर फाडली असती. ही खोटी नव्हती. कारकुनांनी भिंग लावून जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. शेअर आईच्या नावावर होतील म्हणाले. मी साठलेल्या लाभांशाचं विचारलं.

“तो दिला की. ते गृहस्थ परवा स्वतःच येऊन घेऊन गेले. गोदीचा जुना पास होता त्यांच्याकडे. मितभाषी माणूस. फक्त साल कुठलं ते विचारलं.”

त्यांनी नोंदवही फिरवून माझ्यापुढे ठेवली. तीच तिरकी सही. शेजारी हल्लीचा पत्ता: आमच्या घराचा.

आईला मी सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. ती मामाचं नाव घेऊन रडली, कितीतरी दिवसांनी. मावशींचा फोन आला होता, फरशी आता कोरडी असते म्हणून.

त्याला तीन महिने झाले. दारात कोणी आलेलं नाही. पण आमच्या टपालपेटीवर, आमच्या आडनावाखाली, कोणीतरी बदकाचं खरं नाव लिहून गेलंय. भाऊ ते खरवडायला निघाला होता. मी त्याला थांबवलं.

काल त्या नावाने पहिलं पत्र आलं. शिक्का गेल्या आठवड्यातला आहे. पाकीट मी फोडलेलं नाही, टेबलावर ठेवलंय.

वरचं अक्षर मामाचं आहे.