एका बाजूचा कागद

दारात उभ्या माणसाला "थांबा, अब्बांना बोलवते" असं सांगून मी आत गेले, आणि आत गेल्यावर त्याला साफ विसरले.

चुलीपाशी जाऊन उभी राहिले. आपण आत कशाला आलो? मीठ हवं होतं? हंडा? काही केल्या आठवेना. मग उगाच एक भांडं घासलं, पालथं घातलं आणि पुन्हा अंगणात आले. बघते तर काय, उन्हात एक तरणा माणूस डोक्यावर कागदाचा गठ्ठा घेऊन घामानं निथळत उभा!

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा काही जागेवर राहिला नाही.

"मघाशी ज्यांना बोलवायला गेला व्हता ना... तेच."

तोबा तोबा! "मग गठ्ठा तरी खाली ठेवायचा की!" मी उलट त्याच्यावरच खेकसले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

"थांबा म्हणालात, म्हणून थांबलो," तो म्हणाला. "बसा म्हणाला असतात तर बसलो असतो."

हा चांद. बेल्ह्याचा. तिथल्या फतेचंद शेठच्या दुकानासाठी वह्या बांधायचा. आणि आम्ही जुन्नरचे कागदी. अब्बा, म्हणजे इब्राहिम कागदी, हौदाशी बसून जाळीवर कागद उचलायचे. ओला कागद भिंतीला वाळला, की त्याला खळ लावायची, दोरीवर वाळवायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा, ही कामं माझी. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज. ती दोन्ही बाजूंना लागली तरच कागद शाई धरतो, नाहीतर शाई पसरते. ही कामं मी झोपेतसुद्धा केली असती. केलीही असती... पण अम्मा गेली.

प्लेगात सगळं गाव उठून माळावर झोपड्यांत राहायला गेलं होतं. आम्ही गावात परतलो ते अम्माला माळावरच ठेवून. मी रडले नाही. सगळे म्हणाले, पोर धीराची आहे. कसला धीर! आत नुसता दगड बसला होता. सकाळी उठावंसं वाटायचं नाही, घास गोड लागायचा नाही, आणि डोक्याची तर पार चाळण झाली होती. काही घालावं, खालून गळून जावं. विहिरीवर जायचे आणि कळशी घरी. शेजारणीचं नाव ओठावर यायचं नाही. कुणी बोलायला लागलं, की वाक्याच्या शेवटापर्यंत माझी सुरुवात हरवलेली.

फुफीनं, म्हणजे अब्बांच्या बहिणीनं, दर्ग्यावर नेलं, ताईत बांधला. आळीतल्या बाया कुजबुजल्या, "इब्राहिमच्या पोरीला बाहेरचं लागलंय." घोडेगावचं स्थळ आलं होतं, त्यांना मी सरबत दिलं ते मिठाचं. सगळ्या बायकांनी एकदम तोंडं वाकडी केली, आणि स्थळ आल्या पावली परत गेलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं, की आपण आता कुणाच्या घरी जायच्या लायकीच्या राहिलो नाही. कुणाच्या घरात शिरून त्याचं वाटोळं करण्यापेक्षा अब्बांच्या अंगणात दगड घासत मरावं.

तर चांद. अब्बा आल्यावर त्यानं आमच्याकडनंच नेलेला गठ्ठा सोडला, एका कागदावर बोरूनं रेघ ओढली. रेघ कशी स्वच्छ. मग कागद उलटला आणि दुसरी रेघ ओढली. शाई डबक्यासारखी पसरली.

"चाचा, खळ एकाच बाजूला बसलीय. तीपण दोनदा," तो म्हणाला.

"आमच्याकडनं असं व्हायचं न्हाई," अब्बा म्हणाले, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी नजर खाली घातली.

"मीच केलंय," मी म्हणाले. "एक बाजू लावली की दुसरी लावायची, हे मी... कुठली लावली तेच मला..." आणि पुढचे शब्दही गेले.

चांद काहीतरी विचार करत कागद चाचपत होता. "वहीला न्हाई चालायचा," तो म्हणाला. "पण पुठ्ठ्याला असाच कागद लागतो. कोऱ्या बाजूला कोरी बाजू चिकटवली की असा घट्ट बसतो म्हणता! मी शेठला सांगतो, ह्यो पुठ्ठ्याचा म्हणून." आणि मग माझ्याकडे न बघता, "असला आणखी असंल तर तोपण घेतो."

पुढच्या बाजाराला स्वारी पुन्हा हजर. "चाचा, चुकलेला कागद हाय का?"

होता. हवा तेवढा होता.

तो गठ्ठा बांधायला म्हणून बसायचा आणि एवढ्याशा गठ्ठ्याला उन्हं कलेपर्यंत वेळ लावायचा. अब्बा हौदाशी, पलीकडे लगद्यासाठी सणाचे धागे कांडायची धाडधाड, आणि मधल्या अंगणात आम्ही. एकदा मी खळ लावत होते, तेवढ्यात फुफीनं हाक मारली. मी उठले.

"बसा," तो हळूच म्हणाला.

"आँ?"

"हातातला कागद पुरा करा. मग जा. अर्धं टाकून गेलं की परत आल्यावर ते सापडत न्हाई."

"फुफी ओरडंल."

"ओरडू द्या. ओरडून कुणी मेलंय का?"

मी बसले. कागद पुरा केला. परत आले तर सगळं जिथल्या तिथं. एवढीशी गोष्ट, पण मला वाटलं, कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवून घेतलं.

मग एकेक त्यानं सांगितलं. एका बाजूची खळ झालेला कागद विहिरीकडच्या दोरीवर, दोन्ही बाजूंचा भिंतीकडच्या दोरीवर. म्हणजे डोक्यात काही ठेवायलाच नको, दोरी सांगेल. आणि काम करताना बोलायचं. "मी टाका घालताना बोलतो. सुई घातली, दोरा वढला, गाठ मारली. तोंड बोलत असलं की मन भटकत न्हाई."

"येड्यासारखं?"

"शहाण्यांनी काय दिवे लावलेत?"

लागले मी बोलायला. "ही बाजू झाली. आता उलटला. आता विहिरीकडं." फुफीनं ऐकलं आणि ती दुसरा ताईत आणायला निघाली. अब्बा मात्र हौदावरून म्हणाले, "बोलू दे तिला. लई दिसांनी पोरीचा आवाज ऐकतोय."

रोज जमायचं असं नाही हं. काही दिवस असे यायचे की दोरी दिसायची, कागद दिसायचा, आणि हात उचलायचाच नाही. त्या दिवशी चांद आला तर काही शिकवायचा नाही. नुसता बसायचा, बेल्ह्याच्या बाजारातल्या गमती सांगायचा. कुठल्या निमगावच्या भागूनं बैल विकला, आणि सवयीनं बैलानं भागूलाच घरी ओढत नेलं. मी हसले की तो गठ्ठ्याची गाठ सोडून पुन्हा मारायला घ्यायचा.

हळूहळू भिंतीकडची दोरी भरायला लागली. विहिरीकडची रिकामी व्हायला लागली. आणि एका बाजाराला—

"चाचा, चुकलेला कागद?"

"न्हाई रं आता," अब्बा खुशीत म्हणाले. "समदा चोख!"

चांदचं तोंड असं पडलं, की अब्बांनी पाहिलं असतं तर हौदात पडले असते. तो माझ्याकडे सरकला, आवाज खाली आणला. "एखादा तरी चुकवायचा की वो..."

"आँ? माझी चूक पाहिजे तुमाला?"

"मग मी यायचं कशाच्या निमतानं?"

माझ्या हातातला खळीचा बोळा तसाच राहिला. कानशिलं तापली. त्यानं आपणहून एका कागदाचं टोक दाबून धरलं, आणि दोरीवर टाकताना त्याचं बोट माझ्या बोटाला... तेवढंच. पण त्या दिवशीचं तेवढंच मी विसरले नाही. डोकं चाळण असो नाहीतर काही असो.

पुढच्या बाजाराला तो निमित्ताशिवायच आला. रिकाम्या हातांनी. अब्बा नदीवर सण धुवायला गेले होते, फुफी ओट्यावर तांदूळ निवडत होती, एक कान आमच्याकडे ठेवून.

"आमिना," तो म्हणाला. पहिल्यांदाच नावानं. "अम्माला धाडू का... मागणीला?"

मला काय वाटलं म्हणून सांगू! आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ भीती. आनंदाहून थोरली.

"नको," मी म्हणाले.

"मी आवडत न्हाई?"

"आवडता. लई आवडता. म्हणूनच नको." मी म्हणाले. "उद्या चुलीवर दूध ठेवीन आणि विसरीन. पाळण्यात लेकरू ठेवीन आणि विसरीन. तुमचं घर हाय, चांद, ते बिघडलं तर काय पुठ्ठ्याला चालायचं न्हाई."

तो उठला. "अम्मा येईल," एवढंच म्हणाला. "तिला न्हाई म्हण. माझ्या तोंडावर म्हणालीस ते मी ऐकलं न्हाई." आणि निघून गेला. हट्टी! आणि मला 'तू' म्हणाला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

त्याची अम्मा, जन्नतबी, बैलगाडीतून आली; गाडी चांदनंच हाकली, पण तो अंगणातच थांबला. ठेंगणी, गोरी, डोळ्यांखाली काळं. फुफीनं मला दम भरला, "सरबताला हात लावायचा न्हाई." मी सरबताला हात लावला नाही. मान खाली घालून बसले आणि 'नाही' कसं म्हणायचं ते घोकत राहिले. घोकलेलं निसटू नये म्हणून ओठ हलत होते.

इतक्यात असरची, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजाची, अजान झाली. जन्नतबी म्हणाली, "चल बेटी, संगं पढू."

आता हे कुणाला ठाऊक नव्हतं. अम्मा गेल्यापासून माझी एक नमाज सरळ झाली नव्हती. मधेच विसरायचे, किती रकात, म्हणजे किती फेऱ्या, झाल्या? दोन? तीन? मग सलाम फिरवून तिथंच मोडायची, आणि सगळी पहिल्यापासून. पुन्हा विसरायचे. पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी ऊन जाऊन अंधार पडायचा, तरी माझी असर चालूच. वाटायचं, अल्लासमोरही जिला धड उभं राहता येत नाही, तिला कोण जवळ करणार?

त्या दिवशीही तेच. दुसरी की तिसरी? मी थांबले. मोडली. पुन्हा नियत बांधली. पुन्हा अडकले. बाजूला जन्नतबीची नमाज संपली होती. ती बघत होती, मला कळत होतं. तिसऱ्यांदा मोडली तेव्हा मी चटईवर तशीच बसून राहिले.

"बघितलंत ना," मी म्हणाले. घोकलेलं सगळं गेलं होतं, खरं तेवढं उरलं होतं. "माझं हे असं हाय. मी सून म्हणून कामाची न्हाई."

फुफीनं कपाळावर हात मारून घेतला.

जन्नतबी सरकत माझ्याजवळ आली. "मोडतीस कशाला गं?" ती म्हणाली. "तुझ्या अम्मानं सांगितलं न्हाई व्हय? दोन का तीन अशी शंका आली तर कमी असंल ती धरायची, राहिलेली पुरी करायची, आन् शेवटाला दोन सजदे जास्तीचे करायचे. विसरणाऱ्याची सोय आधीपासूनच करून ठिवलीय, बेटी. माणसं विसरणार, हे त्याला का ठावं न्हाई?"

मी मान वर केली.

"मी रोज करते," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याच प्लेगात माझी लेक जैनब गेली. तुझ्याच वयाची. तवापास्नं मला घरातली वाट सापडंना. चुलीत लाकूड घालायचं की पाणी, ते कळंना. चांदनं शिकवलं समदं. बोलत बोलत काम कर अम्मा, हातातलं पुरं कर अम्मा. कुणाला सांगितलं न्हाई मी. तुला सांगते."

तर तो हे माझ्याआधी आपल्या आईच्या पाठीशी बसून शिकला होता! म्हणून त्या दिवशी उन्हात उभा राहून तो मला हसला नव्हता.

"आता पढ," जन्नतबी म्हणाली. "मी हाय बाजूला."

मी उभी राहिले. मधे विसरले. विसरणारच होते. कमी धरली, पुढे गेले, पुरी केली. आणि शेवटचे ते दोन सजदे करायला कपाळ टेकलं, आणि आतला दगड सुटला. अम्मा गेल्यापासून पहिल्यांदा मी रडले. चटई भिजेपर्यंत रडले. जन्नतबीचा हात माझ्या पाठीवर होता, आणि तीही रडत होती, आणि ओट्यावर फुफी, जिला काही कळलं नव्हतं, तीपण सोबत म्हणून रडत होती.

डोळे पुसून जन्नतबीनं विचारलं, "आता सांग. न्हाई म्हणणार व्हतीस ना?"

"विसरले," मी म्हणाले.

ती जी हसली, ती अंगणात उभ्या तिच्या लेकाला ऐकू गेली असणार. कारण तो बैलांना पाणी दाखवत होता आणि बादली कलंडल्याचा आवाज आला.

निकाह कडक उन्हाळ्याच्या आधी झाला. तोवर मी फार बरी होते. सगळी नाही, पण फार. नवरीची संमती विचारणारा वकील आणि साक्षीदार पडद्याशी आले आणि विचारलं, "बेल्ह्याचे चांद तुला कबूल आहेत?" आमच्यात हे तीनदा विचारतात. पहिल्यांदा माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. फुफी कानाशी कुजबुजली, "अगं, काय म्हणायचं ते विसरलीस का काय?"

"कबूल," मी म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं, "कबूल." आणि तिसऱ्यांदा त्यांचं विचारून व्हायच्या आत, पार बाहेरच्या मांडवात जाईल असं मोठ्यांदा, "कबूल! कबूल!"

पुरुषांच्या बाजूनं एकच हशा उठला. जन्नतबीनं पदरानं माझं तोंड दाबलं आणि स्वतःचे डोळे पुसत म्हणाली, "बास की गं पोरी, बेल्ह्यापातुर ऐकू गेलं."