आंधळ्या मासोळ्यांची गुहा

गुहेत शिरताच मोनाली थबकली. पाण्यावर काळा तवंग होता. पांढऱ्या मासोळ्या उलट्या होऊन तरंगत होत्या.

"काल तर चांगल्या होत्या," बादल म्हणाला.

त्याच्या बहिणीनं, राखीनं, बोट बुडवून वास घेतला. "जळकं ऑइल हाय."

मुकुटबनजवळच्या तांड्यामागं ही चुनखडीची गुहा होती. डोळे नसलेल्या या मासोळ्या दिवाळीच्या सुटीत या तिघांनाच पहिल्यांदा दिसल्या होत्या. नागपूरच्या संशोधक साधना मॅडम त्या पाहायला येऊन तांड्यातच उतरल्या होत्या. ही जात विज्ञानाला बहुधा ठाऊकच नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

तिघं तडक वरच्या खाणीवर गेले. मशीनजवळच्या खड्ड्यात ऑइल टाकलेलं होतं.

"हे खाली गुहेत जाऊन राह्यलं," मोनाली सुपरवायझरला म्हणाली. "मासोळ्या मेल्या."

तो हसला. "आंधळ्या मासोळ्यायले कोण पाह्यते? अन् खड्ड्यातलं खड्ड्यातच राह्यते. आणा सरपंचाले, त्यायच्यासमोर पाण्याचा टँकर ओततो."

"आणतो," राखी म्हणाली.

दुपारी सरपंच नंदाबाई आल्या. तोवर साधना मॅडमनी जिवंत मासोळ्या आतल्या स्वच्छ पाण्यासह टबात काढून ठेवल्या होत्या. मुलांनी खड्ड्यातलं ऑइल डब्यांनी उपसलं. सुपरवायझर टँकर आणायला गेला, तेवढ्यात बादलनं नंदाबाईंच्या देखत ज्वारीच्या कोंड्याचं पोतं खड्ड्यात रिकामं केलं.

टँकर ओतला. पाणी गरगरलं आणि भराभर खाली गेलं.

"जमिनीत मुरलं," सुपरवायझर म्हणाला.

"चला, पाहू कुठी मुरलं ते," नंदाबाई म्हणाल्या.

गुहेतल्या पाण्यावर कोंडा तरंगत होता. भिंतीतल्या कपारीतून आणखी येत होता. सुपरवायझरची मान खाली गेली.

"ह्या मुक्या जिवायनं तुमचं काय बिघडवलं होतं?" राखीनं विचारलं.

नंदाबाईंनी तिथूनच तहसीलदारांना फोन लावला. खाणीचं काम त्याच दिवशी थांबलं. साधना मॅडम मुलांना म्हणाल्या, "ही जात तुम्ही शोधली आणि वाचवलीही तुम्हीच."

नंदाबाईंनी मोनालीच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास पोरी."

मोनालीच्या ओंजळीत मेलेली मासोळी होती. "शाबासकी नंतर द्या, काकू. आधी हे पाणी साफ करा."

नंदाबाईंनी पदर खोचला, सुपरवायझरच्या हातात बादली दिली आणि स्वतः पाण्यात उतरल्या.