एकोणऐंशी टक्के

छत्तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात दुसऱ्यांचे अर्ज फाईलला लावले. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. मला अमरावती-अकोल्याच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या मालकांनी पंच नेमलं. पात्रता एकच होती, माझ्याकडे मोटार नाही. सायकल आहे, पण ती चार्ज होत नाही.

स्पर्धा अशी होती. गुढीपाडव्यापासून एकतीस मेच्या संध्याकाळी सहापर्यंत, दोन्ही जिल्ह्यांतल्या जास्तीत जास्त चार्जिंग स्टेशनांना जो भेट देईल तो जिंकला. एक स्टेशन एकदाच धरायचं. तिथे किमान एक युनिट वीज घ्यायची आणि ग्रुपवर फोटो टाकायचा. फोटोत यंत्राचा पडदा, गाडीचा नंबर आणि मालकाचं तोंड, तिन्ही दिसलं पाहिजे. नियम मीच लिहिले. त्यातला सातवा असा: चार्जरच्या केबलला पुढे जी मूठ असते तिला ही मंडळी गन म्हणतात, दुसऱ्याच्या गाडीला चाललेली गन जो मध्येच काढेल त्याची, किंवा तो ज्याच्यासोबत आला असेल त्याची, त्या ठिकाणची नोंद बाद. आणि नववा: बरोबरी झाल्यास दोन्ही स्पर्धकांनी एकाच दिवशी एकाच नव्या स्टेशनवर पंचासमक्ष जावं, आधी पोचेल तो विजयी. नववा नियम कधी लागेल असं वाटलं नव्हतं. आठच नियमांचं परिपत्रक मला अपुरं वाटतं, म्हणून लिहिला.

आता केशवराव. माझा शेजारी, वय बहात्तर, अंजनगावकडे संत्र्याची बाग होती ती पुतण्याकडे सोपवून इथे राहतो. पत्नी माणिकबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. मुलगा कुलदीप पुण्याला. त्याचं म्हणणं, बाबांनी या वयात एकट्यानं गाडी चालवू नये, ती विकावी आणि पुण्याला यावं. बापलेकांची बरीच हुज्जत झाली आणि शेवटी एक करार झाला. बाबा ही स्पर्धा जिंकले तर गाडीही राहील आणि बाबाही अमरावतीतच राहतील. हरले तर जूनमध्ये सामान बांधायचं. पुण्यात केशवरावाला बाराव्या मजल्यावरची एक खोली मिळणार होती. खोलीला खिडकी होती, आणि खिडकीतून दुसऱ्या इमारतीचा बारावा मजला दिसायचा.

एकतीस मेच्या सकाळी माझ्या रजिस्टरात केशवराव सत्तावन्न आणि अकोल्याचा इन्व्हर्टरवाला कुंदन सत्तावन्न. दोघांनीही दोन्ही जिल्हे पालथे घातले होते. कुठेच नवं स्टेशन उरलं नव्हतं.

साडेबाराला केशवराव माझ्या फाटकाशी आला. हातात फोन.

"देवीदास, हे पाय. नवा ठिपका."

अ‍ॅपच्या नकाशावर दर्यापूरहून अकोटला जाणाऱ्या रस्त्यावर, अकोटच्या आठ-दहा किलोमीटर अलीकडे एक हिरवा ठिपका होता. काल नव्हता.

"चाल बसून. कुंदनले दिसायच्या आत पोचू."

"मी पंच आहे. स्पर्धकाच्या गाडीत बसणं बरं दिसत नाही."

"मंग काय पुण्याले पोचवाले येशीन? तेवा बरं दिसन?"

मी चप्पल घातली. माझ्या नोकरीत मी एवढ्या लवकर कुठलाच निर्णय घेतलेला नाही.

मेमधल्या दुपारी आमच्याकडचा रस्ता कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. काळी शेतं भेगाळलेली, डांबर चकाकतंय, पुढे पाणी असल्यासारखं दिसतंय आणि माणूस एक नाही. या गाड्यांना आवाज नसतो. दर्यापूर सोडल्यावर मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

तीनला पाच कमी असताना पोचलो. बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून सिमेंटचा ओटा, त्यावर पिवळ्या रंगानं आखलेले दोन चौकोन आणि मधोमध कपाटाएवढं यंत्र. वर छप्पर नाही. रस्त्यापलीकडे निंबाखाली एक म्हातारी टरबुजं मांडून बसली होती. बाकी सगळं ऊन.

केशवरावानं गाडी एक नंबरच्या चौकोनात लावली, गन जोडली. युनिट पूर्ण होताच मी नियमाप्रमाणे फोटो काढला. पडदा, नंबर, तोंड. तोंडावर इतका आनंद होता की तो ओळखू येईना. फोटो ग्रुपवर गेला. अठ्ठावन्न.

मग माझं लक्ष पडद्याच्या उजव्या भागाकडे गेलं. तिथे लिहून येत होतं की दोन नंबरला चार्जिंग चालू आहे. बहात्तर टक्के.

दोन नंबरच्या चौकोनात काही नव्हतं. केबल यंत्रातून निघून ओट्यावर पसरली होती आणि टोकाची गन धुळीत पडली होती.

"बिघडलं असन," केशवराव म्हणाला.

"बिघडलेलं यंत्र थांबतं. हे चाललंय." पडद्यावर त्र्याहत्तर झाले.

चौकोनात एक कुत्रं झोपलेलं होतं. पिवळसर, बारीक. मी आधी त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. पंचेचाळीस अंशांत, भर उन्हात, तापलेल्या सिमेंटवर ते पाय ताणून पडलं होतं. धाप नाही, जीभ बाहेर नाही. गाडीखाली सावलीला जसं कुत्रं झोपतं तसं. आणि त्याच्या नाकाजवळ सिमेंटवर एक ओला डाग होता. मी बघत असताना त्यात एक थेंब पडला. थोड्या वेळानं दुसरा. एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली पडतात तसे. वर पाहिलं. वर आभाळ होतं.

आमच्या खात्यात अशा वेळी 'प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल सादर करावा' असा शेरा मारतात. मी ओट्याच्या कडेला उकिडवा बसलो आणि पिवळ्या रेषेपलीकडे हात सरकवला.

हाताला सावली लागली.

मनगटापर्यंत गार, मनगटाच्या मागे ऊन. मी हात काढला, पुन्हा घातला. तीनदा. भीती वाटायला हवी होती हे मान्य. पण साठ वर्षं भुताखेतांच्या पुस्तकांतून जे वाचत आलो ते हाताला लागल्यावर माणसाला आधी नवल वाटतं.

"नका जाऊ जी तिकडे," रस्त्यापलीकडून म्हातारी म्हणाली. तिचं नाव पार्वताबाई, हे मागाहून टरबूज घेताना कळलं. "दोन नंबरवर गाडी असते."

"कोणाची?"

"कोणाची का असना. मी काई पुसत नाई."

"दिसत तं नाई ना मावशी!" केशवराव ओरडला.

"मले तरी कोठी दिसते? कुत्र्याले दिसते."

एवढं बोलून तिनं टरबुजावरची माशी हाकलली.

आता इथे मी जे केलं ते फक्त जुना कारकूनच करेल. मला कुठलीही वस्तू जागेवर नसलेली बघवत नाही. गन धुळीत पडली होती आणि तिची खुंटी यंत्रावर रिकामी होती. शिवाय काय होतं ते बघायचंही होतं. मी गन उचलली. ती कोमट होती, हाताला मांजर गुरगुरतं तशी लागत होती.

"राहू दे बे," केशवराव हळू म्हणाला. "नियम सात…"

"दुसऱ्याच्या गाडीची गन काढू नये, असा नियम आहे. गाडी कुठे आहे?"

"देवीदास… राहू दे."

मी गन खुंटीला अडकवली. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. पडद्यावर अक्षरं आली: चार्जिंग थांबवले. एकोणऐंशी टक्के.

थेंब पडायचे थांबले. कुत्रं दचकून उठलं आणि शेपूट पोटाशी घेऊन बाजूला पळालं, डोक्यावरची गाडी सुरू झाली की पळतं तसं. ओट्याखालच्या धुळीत एक रेघ उमटली, तिच्या शेजारी दुसरी, आणि दोन्ही रस्त्यापर्यंत गेल्या. मग कुत्रं परत आलं, जुन्या जागी पाय टेकवला आणि चटका बसून केकाटलं.

परतताना एसी लावला होता तरी केशवरावानं काचा खाली घेतल्या होत्या.

सहाला मी निकाल लावला. कुंदननं "अभिनंदन काका" लिहिलं आणि पुढे एक तोंड वाकडं केलेलं चित्र टाकलं. कुलदीपचा फोन आला. केशवराव फाटकात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलत होता, "आता पुण्याहून तुमीच इकडे या, मी घ्याले येतो टेसनावर!" मग फोन ठेवून बराच वेळ गाडीच्या बोनेटवर हात ठेवून उभा होता.

सहा चाळीसला माझ्या फोनवर संदेश आला. नंबर ओळखीचा नव्हता. लावून पाहिला तर हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणे. मजकूर असा:

'मा. पंच यांसी. विषय: नियम सातचा भंग. महोदय, आज दु. ३.१२ वा. माझी गाडी चार्ज होत असताना आपण स्वतः गन काढून खुंटीस लावली. गाडी ७९ टक्क्यांवर थांबली. माझी ही अठ्ठावन्नावी नोंद होती. उचित निर्णय व्हावा.'

खाली नाव नव्हतं. पण अर्ज निर्दोष होता. मला भीती वाटण्याआधी आदर वाटला.

निर्णय उचित द्यायचा तर केशवरावाची नोंद बाद होत होती. भिंतीपलीकडे तो माणिकबाईंच्या फोटोला पेढा ठेवत होता. मी उत्तर लिहिलं: 'स्थळपाहणीत आपली गाडी आढळून आली नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल.' छत्तीस वर्षांत या दोन शब्दांनी मी किती लोकांना परत पाठवलं त्याची मोजदाद नाही. त्यांतलं कुणी परत आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी केशवरावाची गाडी अंगणात चार्जिंगला लावलेली असताना एकोणऐंशी टक्क्यांवर थांबली. गन निघालेली होती. पडलेली नव्हे. भिंतीवरच्या खुंटीला नीट अडकवलेली. वेळ तीन बारा. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यानं मिस्त्री बोलावला. तो म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, घरात कुणीतरी काढत असेल.

"घरात कोन हाय?" केशवराव मला म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. "तू तं नाई ना रे?"

"मी कशाला काढू?"

"तुले सवय हाय."

पाचव्या दिवशी दुपारी मी त्याच्या फाटकाशी गेलो आणि तिथेच थांबलो. अंगणात गाडी उभी होती. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, भर उन्हात, फरशीवर एक पिवळसर कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. त्याच्या नाकाजवळ ओला डाग होता.

घरी येऊन बसलो तोच फोन वाजला. तोच क्रमांक. या वेळी सोबत फोटो होता.

'आपला निकष मान्य. मात्र सोबतच्या फोटोत श्री. केशवराव व त्यांची गाडीही आढळून येत नाही. सबब दोघांस एकच न्याय लावावा.'

फोटो गाडीच्या आतून, पुढच्या काचेतून काढलेला होता. ओटा, यंत्र, पलीकडे निंबाखाली पार्वताबाई. यंत्रापाशी मी, हातात गन, तोंड उघडं, शेजारच्या कुणाशी तरी बोलतोय. शेजारी कुणी नव्हतं. एक नंबरच्या चौकोनात नुसतं ऊन होतं आणि केशवरावाच्या गाडीला लावलेली गन धुळीत पडली होती.

मी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. मी दिसत होतो. म्हातारी दिसत होती. केशवराव नव्हता.

दोघांस एकच न्याय. एकाला गाडी नाही म्हणून काढलं तर दुसऱ्यालाही काढावं लागणार, आणि दुसऱ्याला कुठून काढावं लागणार ते मला विचारायचं नव्हतं. मी रजिस्टर उघडलं, नावाचा रकाना कोरा ठेवून त्यापुढे अठ्ठावन्न लिहिले, सही केली आणि कळवलं: 'आपली नोंद मंजूर.'

भिंतीपलीकडून केशवरावाची आरोळी आली, "शंभर! देवीदास, शंभर झाली आज!" मला हायसं वाटलं. चहा टाकला. चहा उकळायच्या आत उत्तर आलं:

'आभारी आहे. बरोबरी झाली. नियम नऊ.'

मी तसाच बाहेर धावलो. केशवराव गाडीत बसलेला होता. माझ्या बाजूचं दार उघडं होतं, आणि तो फोन हलवून दाखवत होता.

"चाल लवकर! बार्शीटाकळीच्या रस्त्यावर नवा ठिपका दिसून राहिला."

"केशवराव, खाली उतर. स्पर्धा संपली."

"संपली तं संपली. जिंकलेल्या मानसानं फिरू नये का? पंच पायजे ना सोबत?"

"उतर म्हणतो ना… अजून गाडी सुरू करू नको."

"कोठी केली सुरू? किल्ली हे पाय, हातात हाय."

किल्ली खरंच त्याच्या हातात होती. शेजारच्या मोकळ्या जागेतलं कुत्रं दचकून उठलं आणि शेपूट पोटाशी घेऊन बाजूला झालं.