सोन्याचं बंदर ओलांडून

"तुझी ही जहाजं जातात तरी कुठे… आणि एखाद्यात मला जागा मिळेल का?"

प्रश्न तोंडातून निसटला आणि दासोमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. प्रश्न तिचा नव्हताच मुळी! कात्री-दगड-कागदमध्ये ती हरली होती, आणि जी हरेल तिने खिडकीजवळच्या त्या मुलाला जाऊन हेच विचारायचं, असा मिरे आणि युबिनचा हुकूम होता. शब्दन् शब्द त्यांचा. आत्ता त्या दोघी मैत्रिणी मागच्या रांगेत रामेनच्या वाट्यांआड तोंडं लपवून खिदळत होत्या.

दक्षिण कोरियातल्या तोंग्यंगच्या धक्क्यासमोरच्या या पीसी बांगमध्ये तासावर कॉम्प्युटर घेऊन सगळी पोरं बंदुका चालवायची. ओरडायची, कीबोर्ड बडवायची. हा एकटाच निराळा. समोर नकाशा, नकाशावर मुंगीएवढी जहाजं, आणि हा हनुवटीवर हात टेकून विचारात बुडालेला. मधूनच खिडकीबाहेर बघायचा. दर शनिवारी हेच.

त्याने कानावरचा हेडफोन खाली घेतला. तिच्याकडे पाहिलं. मग मागे, खिदळणाऱ्या वाट्यांकडे.

"हरलीस?"

"…दगड काढला."

"घाबरलेली माणसं दगडच काढतात," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि शेजारची खुर्ची पायाने ओढली. "जहाजात जागा नाही. इथे आहे."

दासोम बसली. मागे वाट्या एकदम गप्प झाल्या.

त्याचं नाव हान्ग्योल. योकजी बेटावरचा. शाळेसाठी आठवडाभर शहरात राहायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या बोटीने घरी जायचा. बोट सुटेपर्यंतचा वेळ तो या खिडकीशी काढायचा, म्हणजे धक्का नजरेत राहतो.

"हा आळीपाळीचा खेळ आहे," म्हणत त्याने दुसऱ्या शनिवारी तिला तिचं स्वतःचं राज्य उघडून दिलं. "तू तुझी चाल खेळायची, मग डाव माझ्याकडे. तू विचार करत असताना मला काहीच करता येत नाही. नुसतं थांबायचं."

"कंटाळा येत नाही?"

"बोटीची वाट बघणाऱ्या माणसाला हे विचारतेस?"

दासोमने आपल्या पहिल्या बंदराला 'किंबाप' नाव दिलं. धक्क्याजवळ तिच्या आईबाबांचं किंबापचंच, समुद्रशेवाळाच्या पानात वळलेल्या भाताचं, दुकान होतं ना! हान्ग्योल हसला नाही. चांगल्या चार चाली झाल्यावर मात्र अचानक फुसकन हसला आणि म्हणाला, "किंबाप शहरावर हल्ला झाला तर काय म्हणायचं? जेवण झालं?"

तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं— हसताना त्याचा एकच गाल खळीने आत जातो. डावा.

मग काय, शनिवार आला की दासोमचा पाय घरात ठरेना. मिरे म्हणायची, "प्रश्न आम्ही दिला, मुलगा आमचा!" युबिन म्हणायची, "निदान रामेन तरी पाज."

खेळात मात्र दासोमने एक चूक मन लावून केली. तिने आपली सगळी जहाजं आपल्याच बंदरांमध्ये फिरवली. किंबापहून खालच्या गावी, तिथून परत किंबापला. लुटायला कोणी नाही, हरवायची भीती नाही. शहरं फुगत गेली, कोठारं भरली. आणि एके दिवशी हान्ग्योलच्या राज्यात छापखाने सुरू झाले, तर हिचे शिपाई अजून भालेच फेकत होते.

"हे काय! माझी माणसं खाऊन-पिऊन गलेलठ्ठ झालीत आणि डोक्यात काहीच नाही?"

"घरातल्या घरात जहाज फिरवलं की धान्य मिळतं," तो म्हणाला. "नवं काही शिकायचं तर लांब पाठवावं लागतं. परक्या बंदरात."

"आणि वाटेत चाच्यांनी लुटलं तर?"

"लुटतात."

"वा! काय धीर देतोस!"

तिने पाठवलं. पहिलंच जहाज लुटलं गेलं. दासोमने टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की बंदुकवाली पोरं माना वळवून बघायला लागली. तिने दुसरं जहाज सोडलं आणि मग त्याची चाल आली. त्याची एक लढाऊ नौका हळूच तिच्या जहाजाच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"ही इथे काय करतेय?"

"फिरायला आलीय. हवा छान आहे."

"शेजारी शत्रूचं राज्य आहे म्हणतात—"

"शत्रू चांगला आहे," तो पडद्याकडेच बघत म्हणाला. त्याचा कान मात्र लाल झाला होता.

कालव्यांचा हंगाम आला, धक्क्यावर बायका बोटं गारठेपर्यंत शिंपले फोडायला बसल्या, आणि एका दुपारी राजधानी सोलहून मावशीचा फोन आला. उन्हाळ्यात दासोमने तिथल्या चित्रकलेच्या शाळेसाठी परीक्षा दिली होती. कोणाला वाटलं नव्हतं, तिला स्वतःलाही नाही. तिची निवड झाली होती! मार्चमध्ये वर्ग सुरू. राहायला मावशीकडे; मावसभाऊ सैन्यात गेल्याने त्याची खोली रिकामीच होती.

आईने आनंदाने तिचा हात धरला आणि मग लगेच सोडला. बाबा भात वळत राहिले. "तुझं तू ठरव, दासोम," आई म्हणाली. "रविवारी दुपारपर्यंत सांग. मावशीला शाळेत कळवायचंय."

उन्हाळ्यात विचारलं असतं तर दासोम उड्या मारत गेली असती. आता… आता तिला डोळे मिटले की खिडकी दिसत होती. डावा गाल दिसत होता. शुक्रवारी रात्री तिने मनाशी पक्कं करून टाकलं, की नाही म्हणायचं. चित्रं काय, इथेही काढता येतात.

शनिवारी वारा पिसाटला होता. खिडकीची काच थरथरत होती आणि खाली बोटी एकमेकींना धक्के देत होत्या. दासोम खेळत होती, पण चाली भलत्याच पडत होत्या.

"तुझा घोडेस्वार समुद्रात उभा आहे," हान्ग्योल म्हणाला.

"त्याला आवडतं."

त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आपली चाल खेळायला घेतली. त्याचं एक मोठं जहाज बंदरातून निघालं. नकाशाच्या मधोमध एक श्रीमंत बंदर होतं, सोन्याच्या घुमटांचं. जो तो आपली जहाजं तिथे पाठवायचा, कारण तिथून जहाज भरून परत यायचं. हान्ग्योलचं जहाज त्या बंदराशी आलं… आणि थांबलं नाही. घुमटांना वळसा घालून, खडकांमधून वाट काढत ते कोपऱ्यातल्या किंबाप नावाच्या दरिद्री गावाला जाऊन लागलं.

"ए, वाट चुकलं तुझं जहाज."

"नाही चुकलं."

"माझ्याकडे आहे काय? भात आणि भाले!"

"माहितीय."

"मागच्या वेळीही इथेच आलं होतं?"

"दर वेळी." त्याने बोटाने माउस नुसताच फिरवला. "खेपा संपल्या की जहाज परत येऊन उभं राहतं. विचारतं, आता कुठे? आपोआप काही होत नाही यात. दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. मी… ठरवतो."

कीबोर्डांचा एवढा गलका, आणि दासोमला फक्त काचेची थरथर ऐकू येत होती.

"मला सोलला चित्रकलेच्या शाळेत घेतलंय," ती एका दमात म्हणाली. "मार्चपासून. पण मी जाणार नाहीये. ठरवलंय मी."

तिला वाटलं, त्याचा चेहरा उजळेल. तो पडलाच.

"का?"

"काय का! कळत नाही तुला?"

"कळतं. म्हणूनच विचारतोय." मग त्याने नकाशावर तिच्या बंदराजवळ बोट टेकवलं. तिथे एक लहानसा झेंडा होता. "हे बघ. पहिलं जहाज एखाद्या बंदरात पोचलं की तिथे ठाणं बसतं. पुढचं जहाज तिथे दम घेतं आणि आणखी लांब जातं, जिथे आधी पोचताच येत नव्हतं तिथे. खेपा बंद पडल्या तरी ठाणं मोडत नाही. मी शोधून पाहिलंय, ते मोडायची सोयच नाही."

"म्हणजे मी जावं?"

"घरातल्या घरात फिरू नकोस, दासोम."

"तुला काहीच वाटणार नाही?"

"वाटेल ना. खूप." आता त्याचे दोन्ही कान लाल होते. "मला तू आवडतेस. नुसती ओळखीची असतीस तर म्हणालो असतो, थांब, बरी सोबत आहे."

खाली बोटीचा भोंगा वाजला. वारा होता तरी बोट सुटणार होती. हान्ग्योल उठला, जाकीट चढवलं, पिशवी खांद्याला अडकवली. दारापर्यंत गेला आणि परत आला.

"डाव साठवून ठेवतोय," तो म्हणाला. "चाल तुझी आहे. सावकाश खेळ. मला थांबायची सवय आहे."

दासोमने खिडकीतून पाहिलं. बोट धक्क्यापासून सुटली, लाटांवर वरखाली होत बेटाकडे वळली. रोज कोणीतरी हवा बघतं, समुद्र बघतं आणि ठरवतं, की आज जायचं. तेव्हा कुठे ती जाते. इतकी वर्षं धक्क्यावर राहून हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

रविवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर ती दुकानात आली. बाबा बोटाएवढ्या भाताच्या सुरळ्या वळत होते. आई तिखट माकूळ आणि मुळ्याचं किमची वेगळ्या पुडीत बांधत होती. समुद्रावर नेताना एकत्र बांधलं की भात आंबतो. वेगळं ठेवलं तर लांबपर्यंत टिकतं.

दासोमने एप्रन घातला, परत काढला, आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. मी जाणार. मावशीला कळवा, खोलीतले दादाचे मोजे तेवढे काढून ठेव म्हणावं. पण महिन्यातला एक शनिवार मी इथे असणार. सवय म्हणून नाही हं, दर वेळी नव्याने ठरवून. आणि त्या दुपारी मी धक्क्यासमोर एका मुलाबरोबर बसलेली असेन. बेटावरचा आहे, त्याची बोट सुटेपर्यंतच. बाबा, भात दाबू नका इतका! आणि आई… त्या दिवशी दोन पुड्या लागतील. माकूळ वेगळं बांधून."